वंगणाचे पटल, पृष्ठाची खरखर आणि ‘पोकळी’ : एका प्रतिमानाची व त्याच्या परिभाषेची चिकित्सा

ठाणे जिल्ह्याच्या मुरबाड तालुक्यात, कल्याणहून माळशेज घाटाकडे जाणाऱ्या रस्त्यावर वैशाखरे हे गाव आहे. नाणेघाटाची प्राचीन वाट याच परिसरातून वर चढते. ही घाटवाट दगडी पायऱ्यांची असल्यामुळे तेथे चाक चालत नाही. ओझे घाटात जनावराच्या पाठीवर आणि घाटाखालच्या सपाटीवर गाडीत, ही विभागणी भूगोलानेच ठरवून दिलेली आहे. गाडी जेथवर गेली तेथवर तिच्याबरोबर एक शब्दही गेला. तो शब्द म्हणजे ‘वंगण’. तेल आणि राख कालवून केलेला काळा लगदा गाडीवान चाकाच्या तुंब्यात, आसाभोवती भरीत असे. ‘गाडी वंगणणे’ हे क्रियापदही त्यातूनच रूढ झाले.

या शब्दाचे कूळ जुने आहे. हिंदीतील ‘औंगन’ हा त्याचा सख्खा भाऊ दिसतो. आणि दोहोंचेही नाते संस्कृतातील ‘अञ्ज्’, म्हणजे माखणे, या धातूशी जोडण्यास पुरेसा वाव आहे. दिवाळीच्या अभ्यंगस्नानातील ‘अभ्यंग’ याच धातूचा. पाली वाङ्मयात भिक्षूने अन्न कशासाठी घ्यावे हे सांगताना, ओझे वाहून न्यावे एवढ्यासाठीच आसाला तेल माखतात, असा दृष्टान्त येतो आणि तेथेही क्रियापद याच धातूचे आहे. दोन हजार वर्षांहून अधिक काळ चाललेला हा व्यवहार यंत्रयुगात आल्यावर मराठी माणसाला नवा शब्द शोधावा लागला नाही. गाडीचे वंगण इंजिनाचे झाले, शिवणयंत्राचे झाले, पिठाच्या गिरणीचे झाले. याउलट ‘बेअरिंग’ला विश्वकोशाने दिलेला ‘धारवा’ हा प्रतिशब्द घडणीने निर्दोष असूनही कारखान्याच्या दारात शिरला नाही. मुरबाडच्या औद्योगिक वसाहतीत काय किंवा रस्त्याकडेच्या दुरुस्तीच्या टपरीवर काय, बेअरिंग, बुश आणि ग्रीस हेच शब्द ऐकू येतात. शब्द कोणी घडवला यापेक्षा तो कोणाच्या हातात होता यावर त्याचे आयुष्य ठरते, हे परिभाषेच्या अभ्यासकाने विसरू नये.

प्रस्तुत चिकित्सेचा विषय मात्र शब्दांच्या लोकप्रियतेचा नाही. वंगणाच्या अतिपातळ थराचे गणित मांडताना आज जी प्रतिमाने वापरली जातात, त्यांत पृष्ठाचा खरखरीतपणा आणि ‘कॅव्हिटेशन’ या दोन गोष्टींना मध्यवर्ती स्थान आहे. या दोहोंसाठी मराठीत ‘खडबडीतपणा’ आणि ‘पोकळी’ हे शब्द सरसकट योजले जातात. पहिला शब्द अपुरा आहे आणि दुसरा दिशाभूल करणारा आहे. त्याहून महत्त्वाचे असे की, या दोन शब्दांमागे प्रतिमानातलाच एक दोष झाकला जातो.

प्रथम मूळ उपपत्ती पाहावी. १८८३ मध्ये ब्यूशँप टॉवर यांनी इंग्लंडमध्ये आगगाडीच्या आसासारख्या धारव्यावर प्रयोग केले. शहापूर तालुक्यातून कसारा घाट चढणारा लोहमार्ग १८६५ मध्येच सुरू झालेला होता. म्हणजे डब्यांच्या आसांना तेल घालण्याचा व्यवहार येथेही अठरा वर्षे चालू होता. परंतु ते तेल आत नेमके काय करते, याची कल्पना कोठेही कोणाला नव्हती. टॉवर यांनी धारव्याच्या माथ्यावर तेल घालण्यासाठी भोक पाडले, तेव्हा तेल आत जाण्याऐवजी बाहेर उसळले. बूच ठोकले, तेही बाहेर फेकले गेले. दाबमापक लावला, तेव्हा धारव्यावरील सरासरी भार चौरस इंचाला सुमारे १०० पौंड असताना काटा २०० च्या पलीकडे गेला. तेल नुसते माखलेले नव्हते. ते भार उचलून धरीत होते. १८८६ मध्ये ऑस्बर्न रेनॉल्ड्स यांनी याची गणिती उपपत्ती दिली. दोन पृष्ठांमधील फट पाचरीसारखी निमुळती होत असेल आणि एक पृष्ठ सरकत असेल, तर श्यान द्रव त्या पाचरीत ओढला जातो आणि तेथे दाब निर्माण होतो. फटीची उंची, सरकण्याचा वेग आणि द्रवाची श्यानता एवढ्यांवरून दाब काढून देणारे रेनॉल्ड्स यांचे समीकरण आजही या शास्त्राचा पाया आहे.

पाया पक्का असला तरी त्यात दोन गृहीते दडलेली होती. एक, पृष्ठे गुळगुळीत आहेत. दोन, तेल सर्व फटीत सलग भरलेले आहे. पटलाची जाडी कमी कमी होत गेली तशी ही दोन्ही गृहीते उघडी पडू लागली. धारव्यातील तेलपटल काही मायक्रोमीटर जाडीचे असते. माणसाचा केस त्याच्या कैक पट जाड. घासून तयार केलेल्या पोलादी पृष्ठावरचे उंचवटे मायक्रोमीटरच्या काही दशांशांपासून एका मायक्रोमीटरपर्यंत जातात. पटलाची जाडी या उंचवट्यांच्या तिपटीहून बरीच अधिक असेल तर पृष्ठ गुळगुळीत मानून चालते. ती तिपटीच्या आसपास आली की चालत नाही.

येथे मराठीच्या स्पर्शवाचक शब्दांकडे वळणे उपयुक्त ठरते. ‘ओबडधोबड’, ‘खडबडीत’ आणि ‘खरखरीत’ हे तीन शब्द कोशांत बहुधा एकमेकांचे अर्थ म्हणून दिलेले आढळतात. व्यवहारात मात्र ते अदलाबदलीने वापरले जात नाहीत. दगड ओबडधोबड असतो, रस्ता खडबडीत असतो, घोंगडी खरखरीत असते. ओबडधोबड वस्तूचा घाटच बिघडलेला असतो. खडबडीतपणा पायाला आणि चाकाला कळतो. त्या शब्दात खडखडीचा नादही आहे. खरखरीतपणा बोटाच्या टोकाला कळतो. म्हणजे हे तीन शब्द तीन मापांचे आहेत. पृष्ठमापनशास्त्र आकारदोष, तरंगितता आणि सूक्ष्म खरखर असे जे तीन भेद यंत्राने मोजून करते, ते मराठीने हाता-पायांनी आधीच केलेले आहेत. वंगणाच्या प्रतिमानांना अभिप्रेत असलेला गुण यांतला तिसरा आहे. त्याला ‘खडबडीतपणा’ म्हणणे म्हणजे रस्त्याचा शब्द घोंगडीला लावणे होय. या लेखात म्हणूनच ‘खरखर’ हा शब्द योजला आहे.

एका बाबतीत मात्र मराठीचा स्पर्शकोश तोकडा पडतो. खरखरीला दिशा असते. ओरखडे तेलाच्या वाहण्याच्या दिशेने गेलेले असले तर तेल त्यांतून सहज वाहते; ते आडवे असले तर प्रत्येक ओरखडा बांधासारखा तेलाला अडवतो. मोजमापाने सारखीच खरखर असलेली दोन पृष्ठे केवळ ओरखड्यांच्या दिशेमुळे निराळा भार पेलतात. विणकराच्या ‘उभार’ व ‘आडवण’ या जोडीत, किंवा सुताराच्या लाकडाच्या रेषेत, हा भेद आहे. पण ‘खरखरीत’ या विशेषणात तो नाही. म्हणून ‘उभी खरखर’ आणि ‘आडवी खरखर’ असे जोडशब्द करावेच लागतील. खरखर हा नेहमीच दोष असतो असेही मानू नये. जात्याला टाकी लावणारा पृष्ठ मुद्दाम खरखरीत करतो आणि इंजिनाच्या सिलिंडरच्या आतील भिंतीवर तिरकस जाळीदार ओरखडे, तेल धरून ठेवण्यासाठी, हेतुपूर्वक काढले जातात.

गणितात खरखर आणण्याचा मार्ग सरासरीचा आहे. प्रत्येक उंचवट्याचा हिशेब ठेवणे अशक्यप्राय. म्हणून १९६० च्या दशकाच्या अखेरीस क्रिस्टेन्सन यांनी खरखर हा यदृच्छेचा विषय मानून संभाव्यतेच्या आधारे रेनॉल्ड्स-समीकरणाची सरासरी काढली. १९७८ व १९७९ मध्ये पाटिर आणि चेंग यांनी अधिक व्यापक रीत दिली. खरखरीत पृष्ठाचा एक लहान तुकडा घ्यावयाचा, त्यावरून किती तेल वाहते ते संगणकाने काढावयाचे, गुळगुळीत तुकड्यावरून वाहणाऱ्या तेलाशी त्याचे गुणोत्तर घ्यावयाचे आणि ते ‘प्रवाह-गुणक’ म्हणून मूळ समीकरणात बसवावयाचे. मग ते समीकरण सरासरी दाब सांगते. ही रीत सुटसुटीत आहे. तिची लोकप्रियता अनाठायी नाही. मुंबईच्या पवई येथील भारतीय तंत्रज्ञान संस्थेच्या गणित विभागातही जे. प्रकाश यांनी सहकाऱ्यांसह १९७० व १९८० च्या दशकांत सच्छिद्र आणि खरखरीत पृष्ठांच्या वंगणावर निबंध प्रसिद्ध केले.

आता दुसरे गृहीत. पाचर जेथे निमुळती होते तेथे दाब वाढतो. परंतु गोल धारव्यात अरुंद जागेपुढे फट पुन्हा रुंदावते आणि तेथे समीकरण ऋण दाब सांगू लागते. १९०४ मधील सोमरफेल्ड यांच्या उत्तरात धन आणि ऋण दाब आरशातल्या प्रतिबिंबासारखे समसमान येतात. प्रत्यक्षात धारव्यातले तेल एवढा ताण सहसा सहन करीत नाही, ते फुटते. साध्या खनिज तेलात त्याच्या आकारमानाच्या आठ-दहा टक्के हवा विरघळलेली असते. दाब वातावरणाच्या दाबाखाली थोडासा उतरला की ती बाहेर पडू लागते. तेलाची स्वतःची वाफ होण्यासाठी दाब याहून पुष्कळ खाली जावा लागतो. वेगाने बदलणाऱ्या भाराखाली तेही घडते.

‘पोकळी’ हा शब्द येथे गैरसमज निर्माण करतो. मराठी विद्यार्थ्याने हा शब्द ‘निर्वात पोकळी’ या जोडीत प्रथम ऐकलेला असतो. साहजिकच धारव्याच्या रुंदावत्या भागात काहीच नाही, असे चित्र त्याच्या मनात उभे राहते. वास्तविक तेथे हवा असते, क्वचित वाफ असते आणि मुख्य म्हणजे तेलही असते. तेल बोटांसारख्या पट्ट्यांच्या रूपाने त्या भागातून वाहतच राहते. मूळ इंग्रजी शब्दही निर्दोष नाही. १८९० च्या दशकात तो जहाजांच्या मळसूत्री पंख्यांच्या अभ्यासातून आला. तेथे पाण्याच्या वाफेचे बुडबुडे जोराने मिटतात आणि धातू कुरतडतात. तो शब्द धारव्यात आला तेव्हा पंख्याचे सामानही बरोबर घेऊन आला. स्थिर भाराच्या धारव्यात बहुधा हवेचे शांत पसरणे असते, धातू कुरतडणे नसते. पण नाव एकच.

शब्दातला हा घोटाळा गणितातही उतरला. ग्युम्बेल यांनी सुचविलेला उपाय असा की, सोमरफेल्ड यांच्या उत्तरातला ऋण भाग शून्य मानावा. उपाय सोपा असल्याने तो फार काळ टिकला. परंतु जेथे पटल फुटते त्या रेषेवर आत किती तेल आले आणि पुढे किती गेले याचा ताळा केला, तर तो जुळत नाही. तेलाचा हिशेब अधांतरी राहतो. ‘पोकळी’त काही नसते असे मानल्यावर तिच्यातून वाहणाऱ्या तेलाचा हिशेब कोण ठेवणार? १९३० च्या दशकाच्या आरंभी स्विफ्ट आणि श्टीबर यांनी फुटण्याच्या रेषेवर दाबाचा उतारही शून्य असावा, अशी अट घातली. तिने फुटण्याच्या जागेचा ताळा जुळला. पटल पुन्हा कोठे सांधते, याविषयी मात्र ती अट मुकी राहिली. १९५७ मध्ये याकोब्सन व फ्लोबर्ग यांनी आणि १९६५ मध्ये ओल्सन यांनी, फुटणे आणि सांधणे या दोन्ही ठिकाणी वस्तुमान राखणाऱ्या अटी दिल्या. १९८१ मध्ये एलरॉड यांनी त्या संगणकाला सोयीच्या अशा एकाच पद्धतीत गुंफल्या. सलग भागात दाब आणि फुटक्या भागात तेलाचे प्रमाण असे दोन निरनिराळे प्रश्न एकच समीकरण सोडवू लागले. या शास्त्रातल्या अत्यंत विवेकी प्रगतीपैकी ही एक म्हणावी लागेल.

येथवर दोन स्वतंत्र सुधारणा झाल्या. खरखरीसाठी प्रवाह-गुणक, फुटण्यासाठी वस्तुमान राखणाऱ्या अटी. पुढच्या अनेक प्रतिमानांनी सरळ दोन्ही एकत्र केल्या. प्रथम पाटिर-चेंग यांच्या गुणकांनी सरासरी समीकरण तयार करावयाचे आणि मग त्या सरासरी दाबाला एलरॉड यांची रीत लावावयाची. वरवर पाहता यात काही गैर दिसत नाही. वस्तुतः दोष येथेच आहे. आणि तो क्रमाचा आहे.

एक साधा हिशेब करून पाहावा. पटल ज्या दाबाला फुटते तो दाब शून्य मानू. एका उंचवट्याच्या पुढच्या उतारावर, जेथे तेल पाचरीत शिरते, तेथे दाब अधिक ४ एकक आहे आणि मागच्या उतारावर तो उणे ४ आहे, असे समजू. आधी सरासरी घेतली तर ती शून्य येते. शून्याला फुटण्याचा नियम लावूनही शून्यच राहते; हे पृष्ठ काहीच भार पेलत नाही, असा निष्कर्ष निघतो. आता क्रम उलटा करू. प्रत्येक ठिकाणी आधी फुटण्याचा नियम लावला तर उणे ४ चे शून्य होते. मग सरासरी २ येते. तेच पृष्ठ, तेच तेल, तोच वेग. पण एका क्रमाने भार शून्य आणि दुसऱ्याने दोन. अर्थात दाब छाटण्याची ही रीत ग्युम्बेल यांचीच असून तेलाचा ताळा राखल्यास अंक बदलतील. परंतु दोन क्रमांमधील तफावत त्यामुळे नाहीशी होत नाही.

हा केवळ कागदी खेळ नाही. समांतर अशा दोन सपाट मुखांमध्ये पाचर नसते. रेनॉल्ड्स यांच्या उपपत्तीप्रमाणे तेथे पटलाने भार पेलू नये. तरीही फिरत्या दांड्याची गळती रोखणाऱ्या मुद्रांमध्ये ते पेलते. १९६६ मध्येच हॅमिल्टन, वॉलोविट आणि ॲलन यांनी याचा उलगडा केला होता. प्रत्येक सूक्ष्म उंचवट्यामागे एक एक लहानसे पटलभंगाचे क्षेत्र असते. त्यामुळे ऋण दाब नाहीसा होतो, धन दाब उरतो आणि मुखे एकमेकांपासून दूर राहतात. म्हणजे आधी सरासरी घेणारे प्रतिमान जी गोष्ट पुसून टाकते, तीच या मुद्रांना वाचवीत असते. पाटिर-चेंग यांच्या रीतीच्या बारा वर्षे आधी हे छापून आलेले होते, हे लक्षात घेतले म्हणजे नंतरच्या अनेकांचे दुर्लक्ष क्षम्य वाटत नाही.

न्यायाने हेही सांगितले पाहिजे की, क्रमाचा प्रश्न सर्वत्र उद्भवत नाही. आसपासचा दाब २० असेल तर उंचवट्यापुढे २४ आणि मागे १६ होईल. फुटण्याचा प्रश्नच नाही आणि दोन्ही क्रमांनी सरासरी २० च येईल. जड भाराच्या धारव्याच्या मध्यभागी म्हणूनच जुने प्रतिमान निर्धोक आहे. एकमेकींकडे सरळ दाबत येणाऱ्या दोन तबकड्यांमधील पटलातही दाब धनच राहतो; पवईच्या निबंधांतील त्या प्रकारच्या प्रश्नांना हा आक्षेप लागू पडत नाही. तो लागू पडतो तो पटलाच्या कडांवर, तेल आत शिरते आणि जेथे फुटते त्या पट्ट्यांत, आणि हलक्या भाराच्या मुद्रांत. नेमक्या याच जागी खरखर आणि फुटणे एकत्र येतात, आणि नेमक्या याच जागेसाठी एकत्रित प्रतिमानाची गरज होती.

व्याकरणाच्या अभ्यासकाला हा प्रश्न अपरिचित नाही. दोन नियम एकेकटे बरोबर असले तरी त्यांचा क्रम बदलला तर रूप बदलते. पाणिनीने अष्टाध्यायीच्या अखेरच्या तीन पादांतील नियम त्यांच्या आधीच्या नियमांच्या दृष्टीने झालेच नाहीत असे समजावे, अशी व्यवस्था केली, ती एवढ्याचसाठी. नियम सांगणे पुरत नाही, कोणता आधी हेही सांगावे लागते. वंगणाच्या प्रतिमानांत हा क्रम वर्षानुवर्षे अनुच्चारित राहिला, कारण सरासरी ही ‘पृष्ठा’ची बाब आणि फुटणे ही ‘तेला’ची बाब अशी समजूत होती. दोन निराळ्या वस्तूंचे नियम एकमेकांच्या आड येतील, अशी शंका कोणास का यावी?

२००१ मध्ये हार्प आणि सॅलंट यांनी उंचवट्यांमधील फुटणे गुणकांतच समाविष्ट करणारे सरासरी प्रतिमान मांडले. त्यांचे गुणक केवळ पृष्ठाचे राहिले नाहीत. सभोवतालच्या दाबावर आणि वेगावरही अवलंबून झाले. २००५ मध्ये बायादा, मार्तँ आणि व्हास्केझ यांनी याच प्रश्नाला समांगीकरणाच्या गणिताने हात घातला. उंचवटे अतिसूक्ष्म होत जाताना फुटणाऱ्या पटलाचे समीकरण कोणत्या रूपाकडे झुकते, हे त्यांनी वस्तुमान राखून शोधले. जुन्या प्रतिमानाचे आकर्षण असे की, गुणक एकदा काढून तक्ता केला की तो कोणत्याही धारव्याला चालावा. ते आकर्षण येथे संपते. तक्ता आता वंगणाच्या स्थितीबरोबर बदलतो आणि हिशेब वाढतो. ही किंमत जास्त आहे असे म्हणणारे आहेत. परंतु स्वस्त हिशेबाने शून्य सांगितलेला भार प्रत्यक्षात मुद्रा उचलीत असेल, तर ती काटकसर कोणाच्या उपयोगाची?

परिभाषेचा प्रश्न यातूनच सुटू शकतो. ‘पोकळी’ हे नाव वस्तूचे आहे. प्रतिमानाला हवी आहेत ती दोन घटनांची नावे. तेलाचे सलग पटल जेथे तुटते त्या घटनेस ‘पटलभंग’ आणि जेथे ते पुन्हा सलग होते त्या घटनेस ‘पटलसंधान’ म्हणावे. मधल्या प्रदेशास ‘भग्नपटल’ म्हटल्याने तेथे काहीच नाही असा भास होत नाही. भंगलेले का होईना, पटल तेथे आहे, हे शब्दच सांगतो. फुटण्याचे कारण सांगावयाचे असेल तेव्हा ‘वायुजन्य’ आणि ‘बाष्पजन्य’ ही विशेषणे लावता येतील. जहाजाच्या पंख्याला ‘पोकळी’ खुशाल राहू द्यावी. माप सांगण्यासाठी ‘स्थूल पटलभंग’ आणि ‘सूक्ष्म पटलभंग’ असा भेद केला की, आधी सरासरी घेणाऱ्या प्रतिमानाने नेमके काय गाळले हे एका शब्दात सांगता येते: त्याने सूक्ष्म पटलभंग गाळला.

‘संधान’ या शब्दावर आक्षेप येऊ शकतो. मराठीत ‘संधान बांधणे’ हा प्रयोग गुप्त मसलतीच्या अर्थाने रूढ आहे आणि धनुष्याच्या संदर्भात त्याचा अर्थ नेम धरणे असा होतो. वैद्यकात मात्र मोडलेले हाड जुळण्यास हाच शब्द आहे आणि ‘भग्न’ हा शब्दही तेथलाच. दोन्ही शब्द एकाच क्षेत्रातून घेतल्यामुळे त्यांची जोडी आपोआप लक्षात राहते. कारखान्यात हे शब्द जातील असे वाटत नाही. तेथे मिस्त्री ‘तेल तुटले’ आणि ‘तेल धरले’ म्हणेल. आणि अध्यापकाला वर्गात समजावून सांगताना हेच अधिक उपयोगी पडेल.